जाल्लो चित्रपट

जाल्लो चित्रपट : खुनाचे रहस्य, अज्ञात मारेकरी आणि प्रत्यक्ष पाहूनही घटनेचा अर्थ न उमगलेला साक्षीदार या तीन घटकांवर उभारलेला इटालियन रहस्यपटांचा एक प्रकार. सामान्यतः १९६३ ते १९८२ हा या प्रकाराच्या उदयाचा व बहराचा काळ मानला जातो. गुन्हेशोधाची बौद्धिक चढाओढ, भयपटातील दहशत व चित्रकलेशी नाते सांगणारी रंगयोजना यांचे मिश्रण त्यात आढळते. सुरा, कोयता यांसारख्या शस्त्राने एकामागून एक होणाऱ्या हत्यांवर आधारलेला अमेरिकन ‘स्लॅशर’ चित्रपट हा काही अंशी याच प्रकारातून विकसित झाला. दोहोंची वरवरची सामग्री सारखी असली, तरी प्रेक्षकाकडून त्यांची अपेक्षा भिन्न असते. स्लॅशरपटात प्रेक्षक भितो. जाल्लो चित्रपटात त्याने भीत असतानाच नीट पाहावे, अशी मागणी असते.

नाव व वाङ्मयीन पार्श्वभूमी : इटालियन भाषेत ‘जाल्लो’ म्हणजे पिवळा. मिलान येथील मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ मध्ये पिवळ्या वेष्टनाची गुन्हेशोधकथांची स्वस्त माला सुरू केली. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाची कादंबरी हे तिचे पहिले पुस्तक होय. पुढे एडगर वॉलिस, ॲगाथा ख्रिस्ती इत्यादींची भाषांतरे याच वेष्टनात निघू लागली व ‘जाल्लो’ हा शब्द रंगापुरता न राहता रहस्यकथेचाच वाचक बनला. फॅसिस्ट राजवटीस ही माला रुचणारी नव्हती. १९४१ मध्ये ती बंद पडली आणि महायुद्धानंतर पुन्हा चालू झाली. इटलीत आजही कोणत्याही रहस्यकथेस वा रहस्यपटास जाल्लो म्हणतात. इटलीबाहेर मात्र ही संज्ञा प्रस्तुत चित्रपटप्रकारापुरतीच वापरली जाते.

मराठी वाचकाला ही परिस्थिती अपरिचित वाटू नये. बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) यांच्या हजारांहून अधिक रहस्यकथांनी व त्यांतील धनंजय, झुंजार, काळा पहाड या नायकांनी मराठीत स्वस्त रहस्यकथेचा मोठा वाचकवर्ग निर्माण केला. गुरुनाथ नाईक यांनी ही परंपरा पुढे चालविली. भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये आणि बसस्थानकांवरील पुस्तकांची दुकाने यांतून ही पुस्तके हातोहात फिरत. प्रतिष्ठित समीक्षेने या साहित्याची फारशी दखल घेतली नाही. परंतु शेवटच्या पानापर्यंत संशय टिकवून धरण्याची आणि संशयिताच्या वागण्यातील बारीक विसंगती हेरण्याची सवय सामान्य वाचकाला त्यानेच लावली. रहस्यपटाच्या प्रेक्षकाची पूर्वतयारी इटलीप्रमाणेच महाराष्ट्रातही अशी पुस्तकांच्या द्वारे झाली होती.

उदय व विकास : छायालेखक म्हणून अनुभव घेऊन दिग्दर्शनाकडे वळलेला मारिओ बाव्हा (१९१४–८०) हा जाल्लो चित्रपटाचा आद्य दिग्दर्शक मानला जातो. त्याच्या ला रागात्सा के सापेव्हा त्रोप्पो (१९६३, म. शी. ‘अतिजाणती मुलगी’) या कृष्णधवल चित्रपटात रहस्यकथांची नादी असलेली एक अमेरिकन तरुणी रोममध्ये रात्री एक खून पाहते; पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. सेइ दोन्ने पेर लासास्सीनो (१९६४, म. शी. ‘मारेकऱ्यासाठी सहा स्त्रिया’) या रंगीत चित्रपटात त्याने या प्रकाराची दृश्य परिभाषा निश्चित केली. एका वेशभूषागृहातील तरुणींच्या हत्या, चेहरा पूर्ण झाकलेला मारेकरी, त्याचे काळे हातमोजे, लांब कोट व हॅट आणि लाल, हिरव्या, जांभळ्या प्रकाशाने भारलेली दालने ही चिन्हे पुढे शेकडो वेळा वापरली गेली. ॲल्फ्रेड हिचकॉक याचा सायको व मायकेल पॉवेल याचा पीपिंग टॉम (दोन्ही १९६०) हे चित्रपट, तसेच एडगर वॉलिसच्या कथांवरून पश्चिम जर्मनीत १९५९ पासून निघालेली रहस्यपटांची मालिका यांचाही या प्रकारावर प्रभाव पडला.

या प्रकाराला आंतरराष्ट्रीय बाजारपेठ मिळवून दिली, ती दार्यो आर्जेंतो (१९४० – ) या दिग्दर्शकाने. तो मूळचा वृत्तपत्रीय चित्रपटसमीक्षक. सेर्जो लेओने याच्या वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट (१९६८) या चित्रपटाच्या कथालेखनातही त्याचा वाटा होता. लुच्चेल्लो दाल्ले प्यूमे दी क्रिस्ताल्लो (१९७०; म. शी. ‘स्फटिकपंखी पक्षी’) हा त्याचा पहिलाच चित्रपट कमालीचा यशस्वी झाला आणि पुढील चार-पाच वर्षांत इटलीत अशा चित्रपटांची लाट आली. त्यांच्या शीर्षकांत मांजर, माशी, सरडा अशा प्राण्यांची नावे योजण्याची प्रथाही त्यातूनच पडली. लूचो फुल्ची (१९२७–९६), सेर्जो मार्तिनो, मास्सीमो दाल्लामानो हे या काळातील इतर उल्लेखनीय दिग्दर्शक होत. एन्न्यो मोर्रिकोने याने आर्जेंतोच्या पहिल्या तीन चित्रपटांना दिलेले, अंगाईगीतासारख्या गोड व तरीही अस्वस्थ करणाऱ्या स्वरांचे संगीत या प्रकाराचे वैशिष्ट्य बनले.

हे चित्रपट बहुधा माफक खर्चात आणि पुष्कळदा स्पेन, पश्चिम जर्मनी, फ्रान्स यांच्या भागीदारीत निघत. नटसंच बहुभाषिक असे. संवाद चित्रणानंतर निरनिराळ्या भाषांत ध्वनिमुद्रित केले जात. ओठांच्या हालचाली व शब्द यांत जाणवणारी तफावत हा त्याचाच परिणाम होय. खून करणाऱ्या व्यक्तीचे केवळ हातमोजे घातलेले हात पडद्यावर दिसावेत, या संकेतामुळे मारेकऱ्याची भूमिका करणारा नट शेवटपर्यंत लपविता येई; आर्जेंतोच्या अनेक चित्रपटांत हे हात स्वतः त्याचेच आहेत.

पाहण्याचे तंत्र : डोळा व कान यांत चार बोटांचे अंतर असते, अशी मराठीत म्हण आहे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, डोळ्यांनी पाहिलेलेच खरे मानावे, हा तिचा आशय. जाल्लो चित्रपट नेमका या विश्वासालाच धक्का देतो. ‘स्फटिकपंखी पक्षी’ या चित्रपटातील अमेरिकन लेखक रात्री एका कलादालनात झटापट पाहतो. तो मदतीला धावतो. पण काचेच्या दोन दारांमध्ये अडकतो. त्याला सर्व दिसते, मात्र काही करता येत नाही. काळ्या कोटातील पुरुष एका स्त्रीवर हल्ला करीत आहे, असे तो समजतो. त्या दृश्यात काहीतरी चुकते आहे, ही जाणीव त्याला चित्रपटभर छळते. शेवटी उलगडते, की सुरा स्त्रीच्याच हातात होता व पुरुष तो हिसकावून घेत होता. डोळ्यांनी दाखविले ते खरेच होते. चुकला तो पूर्वग्रह. पुरुष मारणारा व स्त्री मरणारी हे त्याने, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकाने, आधीच गृहीत धरलेले असते.

प्रोफोन्दो रोस्सो (१९७५, म. शी. ‘गडद लाल’) या चित्रपटात आर्जेंतोने हे तंत्र टोकास नेले. खून झालेल्या घरात शिरणारा पियानोवादक नायक एका मार्गिकेतून घाईने जातो. तेथे भिंतीवर आपण एक चित्र पाहिले होते व नंतर ते नाहीसे झाले, अशी त्याची समजूत होते. प्रत्यक्षात ते चित्र नसून आरसा असतो आणि त्यात मारेकऱ्याचा चेहरा उमटलेला असतो. विशेष म्हणजे हा चेहरा त्या पहिल्याच दृश्यात प्रेक्षकालाही दाखविलेला आहे. क्षणमात्र, पण स्पष्ट. पहिल्यांदा पाहणाऱ्या बहुतेकांच्या तो लक्षात येत नाही. या चित्रपटाचा नायक डेव्हिड हेमिंग्ज याने मीकेलांजेलो आंतोन्योनी याच्या ब्लो-अप (१९६६) मध्ये, आपल्याच छायाचित्रात दडलेला खून शोधणाऱ्या छायाचित्रकाराची भूमिका केली होती. आर्जेंतोने केलेली त्याची निवड म्हणूनच सूचक ठरते.

लूचो फुल्चीने हाच प्रश्न समूहाच्या संदर्भात मांडला. नोन सी सेव्हीत्स्या ऊन पापेरीनो (१९७२, म. शी. ‘बदकाच्या पिलाला छळू नका’) या चित्रपटात दक्षिण इटलीतील एका खेड्यात लहान मुलांचे खून होतात. गावकरी एका एकाकी स्त्रीला चेटकीण ठरवून तिला मरेपर्यंत मारतात. खरा गुन्हेगार मात्र गावाच्या आदरास पात्र असलेला तरुण धर्मगुरू निघतो. महाराष्ट्रात जादूटोण्याच्या संशयावरून होणाऱ्या छळाविरुद्ध २०१३ मध्ये कायदा करावा लागला, हे ध्यानात घेतले, तर या चित्रपटाचा आशय परका वाटत नाही.

स्लॅशर चित्रपट : बाव्हाच्या रेआत्स्योने आ कातेना (१९७१, म. शी. ‘शृंखला विक्रिया’) या चित्रपटात एका जलाशयाच्या काठी तेरा हत्या होतात. येथे शोधकार्य जवळजवळ लोप पावते व हत्यांची मालिकाच कथानक बनते. स्लॅशरपटाचा हा एक आराखडा होय. कॅनडातील ब्लॅक ख्रिसमस (१९७४) या चित्रपटानंतर जॉन कार्पेंटर याने हॅलोवीन (१९७८) या चित्रपटाद्वारे हा प्रकार लोकप्रिय केला. सुमारे ३ लाख डॉलरमध्ये निघालेल्या या चित्रपटाच्या यशामुळे फ्रायडे द थर्टींथ (१९८०) व अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट (१९८४) यांसारख्या अनेक भागांच्या मालिका सुरू झाल्या. मारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहणारा कॅमेरा दोन्ही प्रकारांत आहे. मात्र स्लॅशरपटात मारेकरी कोण, यापेक्षा पुढचा बळी कोण व वाचणार कोण, या प्रश्नांना महत्त्व असते. अखेरपर्यंत जिवंत राहून प्रतिकार करणारी तरुणी ही त्यातील ठराविक व्यक्तिरेखा. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासिकेने १९८७ मध्ये तिला ‘अंतिम युवती’ अशा अर्थाची संज्ञा दिली. पुरुष प्रेक्षकही अखेरीस या तरुणीच्याच दृष्टीने चित्रपट पाहतो, हे तिचे प्रतिपादन होते.

भारत व महाराष्ट्र : भारतीय रहस्यपटाची वाटचाल स्वतंत्रपणे झाली. मराठीत राजा परांजपे यांचा पाठलाग (१९६४) हा चित्रपट महत्त्वाचा होय. जयंत देवकुळे यांच्या आशा परत येते या कादंबरीवर तो आधारलेला असून त्यास मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. मृत पत्नीसारखीच दिसणारी स्त्री आरोपी म्हणून समोर उभी राहिल्यावर डोळ्यांवर विश्वास ठेवावा की स्मृतीवर, हा त्यातील वकील नायकापुढचा पेच आहे. राज खोसला यांनी त्यावरून मेरा साया (१९६६) हा हिंदी चित्रपट काढला. वसंत जोगळेकर यांचा हा खेळ सावल्यांचा (१९७६) हा चित्रपटही भुताटकीच्या भासाभोवती गुंफलेला आहे.

हिंदीत राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला गुमनाम (१९६५) हा ॲगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीवर बेतलेला होता. यश चोप्रा यांच्या इत्तेफाक (१९६९) या गीतविरहित चित्रपटात घरात शिरलेल्या फरारी आरोपीपुढे असहाय भासणारी गृहिणीच शेवटी पतीच्या खुनात गुंतलेली आढळते. ही भूमिका मास्टर विनायक यांची कन्या नंदा (१९३९–२०१४) यांनी केली. सालस नायिका ही त्यांची रूढ प्रतिमाच येथे प्रेक्षकाच्या डोळ्यांवरची पट्टी ठरली. ‘स्फटिकपंखी पक्षी’ या चित्रपटातील चकव्याच्या जवळ जाणारी ही युक्ती त्याआधी एक वर्ष भारतीय पडद्यावर आली होती.

इटालियन चित्रपटांशी मराठी प्रेक्षकाचा थेट परिचय मर्यादित राहिला. परंतु एक धागा आडवाटेने त्याच्यापर्यंत पोहोचला. फुल्चीच्या सेत्ते नोते इन नेरो (१९७७; म. शी. ‘सात काळे सूर’) या चित्रपटातील नायिकेला खुनाची दृश्ये भासतात. पतीच्या जुन्या घराची भिंत फोडल्यावर तिला सांगाडा सापडतो. आपण पाहिले ते घडून गेलेले होते, असे ती समजते. त्यातील बरेचसे अद्याप घडावयाचे आहे आणि भिंतीत चिणली जाणारी स्त्री आपणच आहोत, हे तिला फार उशिरा कळते. दृश्य बरोबर, पण काळ चुकीचा, असा हा चकवा होय. या कथेवरून मणिवण्णन यांनी नूरावदु नाळ (१९८४) हा तमिळ चित्रपट काढला व त्यावरून पार्थो घोष यांनी माधुरी दीक्षित यांना नायिका घेऊन हंड्रेड डेज (१९९१) हा हिंदी चित्रपट केला. मूळ इटालियन कृतीचे ऋण मात्र मान्य केले गेले नाही. आर्जेंतोनेही फ्रेड्रिक ब्राउन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीचा आधार श्रेय न देता घेतला होता. तेव्हा उसनवारीचा हा व्यवहार एकतर्फी नव्हता.

या प्रवासाचे एक टोक सोलापूरसारख्या शहरात पाहावयास मिळते. कापडगिरण्या व माग यांवर वाढलेल्या या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे तेथील प्रेक्षक एकाहून अधिक भाषांतील चित्रपट पाहण्यास सरावलेला असतो. नवी पेठ या बाजारपेठेतील एखाद्या दुकानदाराने दुकान बंद केल्यावर रात्रीच्या खेळास जाऊन हंड्रेड डेज पाहिला असेल, तर त्याला फुल्चीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण भिंतीमागे काय आहे, हे पाहण्यासाठी तो रोममधील प्रेक्षकाप्रमाणेच खुर्चीच्या कडेवर सरकला असणार. १९८० नंतर आलेल्या व्हिडिओ कॅसेटींमुळे आणि पुढे चकत्या व आंतरजाल यांमुळे मूळ चित्रपटही उपलब्ध होऊ लागले. मराठीत या परंपरेचे विनोदी रूपांतरही झाले. महेश कोठारे यांच्या झपाटलेला (१९९३) या चित्रपटात बाहुल्यात शिरलेला खुनी भीतीबरोबर हसूही निर्माण करतो.

आक्षेप व अभ्यवेक्षण : या चित्रपटांवरील सर्वांत गंभीर आक्षेप स्त्रियांच्या चित्रणाविषयी आहे. बळी बहुधा तरुण व देखण्या स्त्रिया असतात आणि त्यांच्या मृत्यूची दृश्ये अलंकारासारखी सजविलेली असतात. पाहणाऱ्याच्या चुकीवर बोट ठेवणारे हे चित्रपट त्याच पाहणाऱ्याला हिंसेचा भोगही पुरवितात, ही त्यांतील मूलभूत विसंगती होय. प्रतिवाद असा केला जातो, की मारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहावयास लावून हे चित्रपट प्रेक्षकाला त्याच्या कुतूहलाची लाज वाटावयास लावतात. काही मोजक्या कृतींच्या बाबतीत हे खरे आहे; त्यांच्या असंख्य अनुकरणांबाबत तसे म्हणता येत नाही.

भारतीय नाट्यपरंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला होता. भरताच्या नाट्यशास्त्रानुसार युद्ध, मरण इ. गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकाद्वारे सूचित करावयाच्या असतात. भयानक व बीभत्स हे रस त्या परंपरेला मान्य होते; आक्षेप होता तो मृत्यूच्या प्रत्यक्ष दर्शनाला. आधुनिक काळात हे नियमन कायद्याकडे आले. भारतात १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमानुसार चित्रपटांना प्रमाणपत्रे दिली जातात. १९८३ मध्ये अभ्यवेक्षण मंडळाचे नाव बदलून ‘केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ’ असे करण्यात आले. २०२३ च्या दुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाच्या चित्रपटांसाठी ७, १३ व १६ वर्षे असे वयोगट ठरविण्यात आले. ब्रिटनमध्ये व्हिडिओवरील हिंसक चित्रपटांविरुद्ध झालेल्या ओरडीतून १९८४ चा व्हिडिओ रेकॉर्डिंग कायदा झाला; त्यात काही इटालियन चित्रपटांवरही गदा आली.

पडद्यावरील खून व प्रत्यक्षातील खून यांतील अंतर महाराष्ट्राने जवळून अनुभवले आहे. पुण्यात १९७६–७७ मध्ये दहा जणांच्या हत्या झाल्या. त्या काळात लोक अंधार पडताच दारे लावून घेऊ लागले. मारेकरी हे याच शहरातील कलाविद्यालयाचे, इतरांहून वेगळे न दिसणारे विद्यार्थी होते. त्यांना १९८३ मध्ये फाशी देण्यात आली. या प्रकरणावर माफीचा साक्षीदार (१९८६) हा चित्रपट निघाला. वास्तवातील अशा गुन्ह्यांत ना रंगांची आरास असते, ना शेवटच्या क्षणी कोडे सुटल्याचे समाधान. उरते ते केवळ मृतांच्या आप्तांचे दुःख. रहस्यपट हा मुळात एक रचलेला खेळ आहे, याचे भान अशा तुलनेतून येते आणि ते सुटू नये, यातच प्रेक्षकाची प्रौढता असते.

मूल्यमापन : १९८२ मधील आर्जेंतोच्या तेनेब्रे (म. शी. ‘अंधार’) या चित्रपटानंतर जाल्लोची लाट ओसरली. दूरचित्रवाणीची स्पर्धा व अमेरिकन स्लॅशरपटांचे आक्रमण ही त्याची प्रमुख कारणे होत. बाजारू म्हणून एकेकाळी उपेक्षित राहिलेल्या या चित्रपटांच्या जीर्ण प्रतींचे पुढे संगणकीय तंत्राने पुनरुज्जीवन झाले व चित्रपटाभ्यासात त्यांना स्थान मिळाले. कथानकातील असंभाव्यता, सपाट व्यक्तिरेखा आणि हिंसेचा सोस हे त्यांचे दोष कायम आहेत. तथापि पाहणे व समजणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि साक्षीदाराचा प्रामाणिकपणा म्हणजे त्याच्या साक्षीचा अचूकपणा नव्हे, ही गोष्ट लोकप्रिय कलेच्या माध्यमातून इतक्या प्रभावीपणे दुसऱ्या कोणत्याही चित्रपटप्रकाराने क्वचितच मांडली असेल. न्यायालय, वृत्तपत्र व रोजचा शेजार या सर्व ठिकाणी तिचे महत्त्व आहे. आर्जेंतोच्या ओक्याली नेरी (२०२२; म. शी. ‘काळा चष्मा’) या चित्रपटाची नायिका मारेकऱ्याच्या पाठलागात दृष्टी गमावते आणि एका लहान मुलाच्या व कुत्र्याच्या आधाराने संकटाला तोंड देते. सहा दशके डोळ्यांच्या चुका दाखविणाऱ्या या प्रकारातील दिग्दर्शकाने अखेर डोळ्यांविना वाट काढणाऱ्या स्त्रीची कथा सांगावी, हे त्याच्या मूळ विषयाशी सुसंगतच आहे.